शिवार ओळखीचे असते, तपासलेले नसते

ग्रामीण शाळांतील मुलांना वर्गाबाहेर, शिवारात, ओढ्याकाठी आणि रानात नेऊन शिकवावे या विचारावर जे आक्षेप घेतले जातात ते एकमेकांशी मुळीच जुळत नाहीत, आणि तरीही ते पुष्कळदा एकाच तोंडून, एकाच बैठकीत ऐकू येतात, ही या वादातील पहिली ध्यानात घेण्याजोगी गोष्ट होय. खेड्यातील मूल निसर्गातच वाढते, त्याला निसर्ग वेगळा काय दाखवायचा, असे एकीकडे म्हटले जाते. आणि लगोलग असेही सांगितले जाते की अशा शिक्षणात वेळ गेल्यामुळे ते मूल दहावीच्या परीक्षेत मागे पडते. या दोहोंपेक्षा गंभीर असा तिसरा आक्षेप आहे, तो म्हणजे शहरातील मुलांच्या हाती संगणक आणि खेड्यातील मुलांच्या हाती माती देणारे हे शिक्षण मुळात सुशिक्षितांची सोय पाहणारे आहे. हे तिन्ही आक्षेप तपासून पाहण्यासाठी भोपाळ आणि तेथून दक्षिणेस नर्मदाकाठी वसलेला होशंगाबाद जिल्हा, ज्याचे नाव २०२२ पासून नर्मदापुरम आहे, यांच्याइतकी योग्य भूमी देशात क्वचितच सापडेल, कारण तेथे हा विचार सरकारी शाळांत तीस वर्षे राबवला गेला आणि सरकारी आदेशानेच बंदही केला गेला.

वादाला आरंभ करण्यापूर्वी शब्दाचा अर्थ ठरवणे आवश्यक आहे. परिसराधारित शिक्षण म्हणजे सहल नव्हे, वनभोजन नव्हे आणि झाडाखाली भरवलेला नेहमीचा वर्गही नव्हे. परिसरातील वस्तू, जीव आणि व्यवहार हीच अभ्यासाची मूळ साधने मानून, त्यांचे निरीक्षण, मोजणी, वर्गीकरण आणि पडताळणी करत पाठ्यक्रमातील संकल्पनेपर्यंत पोहोचण्याची जी पद्धत तिला येथे हे नाव दिले आहे. महाराष्ट्रातील पाठ्यपुस्तकांत ‘क्षेत्रभेट’ हा जो शब्द रूढ आहे तो या पद्धतीचा एक भाग दाखवतो. मात्र क्षेत्रभेट वर्षातून एकदा होऊन तिचा अहवाल वहीत चिकटवला की संपते, तर या पद्धतीत बाहेरून आणलेल्या नोंदींवाचून पुढचा धडाच सुरू होऊ शकत नाही.

होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम हे या पद्धतीचे सर्वांत मोठे भारतीय उदाहरण होय. बनखेडी भागातील किशोर भारती आणि होशंगाबादजवळील रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन स्वयंसेवी संस्थांनी १९७२ मध्ये मध्य प्रदेश शासनाच्या परवानगीने सोळा सरकारी माध्यमिक शाळांत, म्हणजे तेथील व्यवस्थेनुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत, हा कार्यक्रम सुरू केला. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि दिल्ली विद्यापीठ येथील शास्त्रज्ञ व प्राध्यापक त्यात सहभागी झाले. १९७८ मध्ये तो जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत पोहोचला. १९८२ मध्ये भोपाळ येथे स्थापन झालेल्या एकलव्य या संस्थेने त्याची शैक्षणिक जबाबदारी घेतली, आणि २००२ पर्यंत तो पंधरा जिल्ह्यांतील सुमारे एक हजार शाळांत चालू होता. शाळा सरकारच्या, शिक्षक सरकारचे, परीक्षाही सरकारी, अशी ही रचना असल्यामुळे एखाद्या टेकडीवरच्या निवडक मुलांच्या प्रयोगशील शाळेला जी सवलत टीकाकार उदारपणे देतात ती या कार्यक्रमाला देण्याचे कारण नाही आणि त्याने ती कधी मागितलीही नाही.

त्याची रीत थोडक्यात अशी होती. ‘बाल वैज्ञानिक’ या नावाच्या पुस्तकात उत्तरे छापलेली नसत. कृती आणि प्रश्न असत, आणि चार-चार मुलांच्या टोळीने त्या कृती करून, वर्गात चर्चा करून, उत्तरे आपापल्या वहीत लिहायची असत. वर्गाबाहेरच्या फेरीला ‘परिभ्रमण’ म्हणत. परिभ्रमणात मुले बांधावरची तणे मुळासकट उपटून आणीत, पानांच्या शिरा जाळीदार आहेत की समांतर ते पाहत, मुळे सोटमूळ आहेत की तंतुमूळ ते पाहत आणि तक्ता भरत. तक्ता पुरेसा लांब झाला की जाळीदार शिरांच्या रकान्यासमोर सोटमूळ आणि समांतर शिरांच्या रकान्यासमोर तंतुमूळ असा काही संबंध आहे हे त्यांच्याच ध्यानात येई. द्विदल आणि एकदल ही नावे त्यानंतर येत. नावाआधी तक्ता आणि तक्त्याआधी पायपीट हा क्रम उलटा केला तर तेच ज्ञान एका ओळीत सांगून होते, हे खरे आहे. परंतु तेव्हा ते ज्ञान शिक्षकाचे असते आणि मूल त्याचे केवळ साक्षीदार असते.

आता पहिला आक्षेप घेऊ. खेड्यातील मूल निसर्गात वाढते हे विधान वस्तुस्थिती म्हणून बरोबर आहे, पण त्यातून जो निष्कर्ष काढला जातो तो चुकीचा आहे. शेणाच्या पोवट्यात वळवळणाऱ्या अळ्या ग्रामीण मुलाने शेकडो वेळा पाहिलेल्या असतात, आणि त्या शेणातून आपोआप ‘होतात’ ही समजूतही त्याने तितक्याच वेळा ऐकलेली असते. एक शेण उघडे ठेवून आणि दुसरे तितकेच ताजे शेण पातळ फडक्याने झाकून चार दिवस रोज पाहिल्याशिवाय ही समजूत आणि माशीच्या अंड्यांची हकीकत यांत निवाडा करता येत नाही. हरभऱ्यावरची घाटेअळी बापाने फवारणी करून मारलेली मुलीने पाहिलेली असते, पण तीच अळी बरणीत ठेवून तिचा कोश आणि कोशातून निघणारा पतंग पाहिला म्हणजे अळी आणि पतंग ही दोन वेगळी संकटे नाहीत हे तिला उमगते, आणि फवारणीची वेळ हा मग तिच्या घरातही चर्चेचा विषय होऊ शकतो. ओळख आणि चौकशी या दोन भिन्न क्रिया आहेत. ओळख जितकी दाट तितका प्रश्न पडणे अवघड, हे बहुधा सर्वच मानवी व्यवहारांत खरे असावे. म्हणूनच शहरातील मुलाला रान दाखवणे सोपे आणि खेड्यातील मुलाला तेच रान पुन्हा पाहायला लावणे कठीण असते.

भोपाळहून होशंगाबादला जाणाऱ्या लोहमार्गालगतच या मुद्द्याचा एक मोठा दाखला उभा आहे. भीमबेटकाच्या शैलाश्रयांजवळ माणसे पिढ्यान्‌पिढ्या वावरत होती, आणि तेथील रंगीत आकृत्या त्यांच्या नजरेस पडत नसतील असे मानणे त्यांच्या बुद्धीचा अपमान होईल. १९५७ मध्ये पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकर रेल्वेतून जाताना ते खडक पाहून तेथे गेले आणि त्या आकृत्या कोणत्या काळच्या असाव्यात हा प्रश्न त्यांनी लावून धरला, तेव्हा जवळची ती टेकडी प्रागैतिहासिक ठिकाण ठरली. वाकणकरांनी डोळ्यांना नवे काही पुरवले नाही. त्यांच्याजवळ तुलना करण्याची, आरेखन करण्याची आणि कालक्रम लावण्याची शिस्त होती, आणि शाळेकडून ग्रामीण मुलाला मिळायला हवी ती हीच शिस्त आहे. ती वर्गातील फळ्यावरून मिळत नाही, कारण फळ्यावर जे लिहिलेले असते ते आधीच कोणीतरी ठरवून झालेले असते.

दुसरा आक्षेप गुणांचा आणि एकरूपतेचा आहे, आणि कार्यक्रमाचा बळी त्यानेच घेतला. जिल्हा नियोजन समितीने होशंगाबादमधील हा कार्यक्रम बंद करण्याची शिफारस केली आणि ३ जुलै २००२ रोजी राज्य शासनाने तसा आदेश काढला. राज्यभर एकच पाठ्यपुस्तक असावे आणि या जिल्ह्यातील मुले दहावीच्या मंडळ परीक्षेत मागे पडतात, ही त्यामागची प्रमुख कारणे होती. ज्या शासनाने १९९७ मध्ये शिक्षण हमी योजना आणून दुर्गम वस्त्यांपर्यंत शाळा नेल्या आणि १९९९ मध्ये ‘जिला सरकार’ म्हणून जिल्ह्यांना अधिकार दिले, त्याच शासनाने जिल्ह्याच्या नावाने जिल्ह्याचे वेगळेपण संपवले, हा योगायोग राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी अवश्य टिपून ठेवावा.

गुणांचा युक्तिवाद तर्काच्या कसोटीवर टिकत नाही. हा कार्यक्रम केवळ विज्ञानाचा होता आणि तो आठवीत संपत होता. गणित आणि इंग्रजी हे विषय त्याच्या कक्षेत कधीच नव्हते, आणि नववी-दहावीचे विज्ञान तर पूर्णपणे जुन्याच पद्धतीचे होते. दोन वर्षांनंतरच्या, सर्व विषयांच्या परीक्षेतील अपयशाचे कारण एका विषयाच्या तीन वर्षांत शोधायचे असेल तर इतर विषयांतील शिक्षकांची रिक्त पदे, मुलांची गैरहजेरी, शाळेचे अंतर आणि घरची परिस्थिती यांचा वाटा आधी वेगळा काढावा लागतो, आणि ते काम केल्याशिवाय काढलेला निष्कर्ष हा निष्कर्ष नसून केवळ तक्रार असते. शिवाय परीक्षा नेमके काय मोजते हा प्रश्न उरतोच. या कार्यक्रमाच्या स्वतःच्या परीक्षेत लेखी भागाला पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा होती आणि प्रात्यक्षिकाचा भाग वेगळा होता. म्हणजे पाठांतराला किंमत शून्य आणि नवी वस्तू समोर आल्यावर मूल काय करते याला सर्व किंमत, असे ते मोजमाप होते. पोहायला शिकवून मग पळण्याची शर्यत लावायची आणि मागे पडलेल्याकडे बोट दाखवून तलाव बुजवायचा, असा हा न्याय झाला.

एकरूपतेच्या मुद्द्यावर मात्र अधिक थांबायला हवे, कारण समानतेचे वस्त्र पांघरून तो येतो. सर्व मुलांना समान संधी हवी याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पण समान संधी म्हणजे समान पाठ्यवस्तू नव्हे. नर्मदेच्या खोऱ्यातील खोल काळी जमीन आणि झाबुआच्या डोंगराळ भागातील उथळ, खडकाळ जमीन यांविषयी दोन्हीकडच्या मुलांनी एकच परिच्छेद पाठ केला तर दोघांनाही आपल्या पायाखालच्या मातीविषयी काहीच कळत नाही, आणि ही अज्ञानाची समानता होय. याउलट दोन्हीकडच्या मुलांनी मातीत पाणी किती झिरपते आणि किती धरून ठेवले जाते हे एकाच रीतीने मोजले, तर उत्तरे वेगळी येतील आणि शास्त्र एकच राहील. विज्ञानात एकरूप असायची ती पद्धत. उत्तरांच्या एकरूपतेचा आग्रह फक्त प्रश्नपत्रिका छापणाऱ्याच्या सोयीचा आहे.

शिक्षकांच्या पात्रतेविषयीची शंका येथेच आवरून टाकणे योग्य ठरेल. माध्यमिक शाळांतील अनेक शिक्षकांनी स्वतः विज्ञान शिकलेले नव्हते, हे खरे. म्हणूनच तीन उन्हाळ्यांत तीन-तीन आठवड्यांचे प्रशिक्षण, दर महिन्याची शिक्षकांची ‘मासिक गोष्ठी’ आणि शाळेत जाऊन अडचणी सोडवण्याचे ‘अनुवर्तन’ अशी व्यवस्था उभी केलेली होती. सगळ्या हजार शाळांत परिभ्रमणे सारख्याच नेटाने झाली असे म्हणणे धाडसाचे होईल. पण मुलांपुढे ‘हे मलाही ठाऊक नाही, पाहू या’ असे म्हणण्याची परवानगी सरकारी शिक्षकाला या व्यवस्थेने दिली, आणि मुलांच्या न सुटलेल्या प्रश्नांसाठी ‘सवालीराम’ हे एक काल्पनिक पात्र निर्माण केले, ज्याला साध्या पोस्टकार्डावर काहीही विचारता येई.

तिसरा आक्षेप फेटाळता येत नाही, त्याला उत्तर द्यावे लागते. ग्रामीण, विशेषतः दलित आणि आदिवासी, मुलांना माती, पीक आणि जनावरे यांच्याविषयी शिकवणे म्हणजे त्यांना बापजाद्यांच्या कामात अडकवून ठेवणे, हा संशय निराधार नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवगानावर जो कोरडा ओढला तो अनुभवातून आलेला होता, आणि १९३७ च्या वर्धा परिषदेतून निघालेल्या नई तालीमविषयीही हाच प्रश्न विचारला गेला पाहिजे की हस्तोद्योग शिकणारे मूल उद्या हस्तोद्योगाबाहेर पडू शकेल काय. बोर्डीला १९४५ मध्ये सुरू होऊन पुढे कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामातील ‘कुरणशाळा’ हे याचे सर्वांत अवघड उदाहरण आहे: गुरे राखणारी वारली मुले शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून शाळाच कुरणात गेली. ही युक्ती मायेने केलेली होती आणि त्या काळी तिच्यावाचून त्या मुलांना अक्षर मिळाले नसते. तरी मुलाच्या हातातली काठी तिने सोडवली नाही, हेही तितकेच खरे. त्या तडजोडीचा गौरव करताना ती तडजोड होती हे विसरता कामा नये.

पण याच परंपरेत आक्षेपाचे उत्तरही आहे, आणि ते महात्मा फुल्यांचे आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळांसाठी मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल आणि व्याकरण यांबरोबर शेतीचे, नीतीचे आणि आरोग्याचे ज्ञान मागितले, आणि शेतीच्या धड्यांना जोडून प्रत्यक्ष शिकता येईल असे छोटे नमुना-शेत शाळेला असावे असेही सुचवले. शूद्रातिशूद्रांच्या मुलांनी हिशेब आणि शेत दोन्ही शिकावे असे म्हणणारा हा माणूस त्यांना शेतात कोंडू पाहत होता असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. सावकाराच्या वहीतील आकडा वाचता येणे आणि आपल्या जमिनीचा कस सांगता येणे ही त्यांच्या दृष्टीने एकाच सुटकेची दोन अंगे होती.

होशंगाबादने या विचाराला अनपेक्षित दुजोरा दिला. तवा धरणाचे कालवे आल्यावर काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनी चिबड होऊ लागल्या आणि १९७७ मध्ये तेथे ‘मिट्टी बचाओ’ हे आंदोलन उभे राहिले. शेतकऱ्यांचे म्हणणे असे की या जमिनीला इतके पाणी मानवत नाही. अभियंत्यांचे म्हणणे असे की सिंचन म्हणजे विकास. अशा वादात ‘आमच्या बापाने सांगितले’ हे वाक्य कचेरीत चालत नाही. मातीच्या दोन नमुन्यांत पाणी झिरपायला किती वेळ लागला याची नोंद चालते. त्याच जिल्ह्यात सहावी-सातवीच्या मुलांना झिरपणे मोजायला शिकवले जात होते ही गोष्ट त्या मुलांना मातीशी बांधणारी म्हणता येत नाही. अधिकाऱ्याच्या टेबलासमोर मान वर करून बोलण्याची ती तयारी होती. शिवाराबाहेर जाणाऱ्या मुलालाही हीच तयारी उपयोगी पडते, कारण प्रयोगशाळेत, कारखान्यात किंवा रुग्णालयात तिचेच नाव पुरावा असे आहे.

एक उणीव मात्र मान्य केली पाहिजे. गावच्या शिवारातून फिरताना बांध कोणाचा, विहीर कोणाची आणि कोणत्या वस्तीला पाणी शेवटी मिळते हे प्रश्न पायाखालीच असतात, आणि विज्ञानाच्या परिभ्रमणाने त्यांना फारसा हात घातला नाही. तणांचे वर्गीकरण झाले, तण कोण उपटते याचे झाले नाही. तिसरा आक्षेप घेणाऱ्यांनी खरे तर ही मागणी लावून धरायला हवी होती, म्हणजे बाहेरचे शिक्षण कमी करण्याऐवजी ते अधिक खोल करा ही. एकलव्यच्या सामाजिक अध्ययनाच्या पुस्तकांनी त्या दिशेने काही पावले टाकली होती. तो कार्यक्रमही २००२ मध्येच थांबवण्यात आला.

आज वर्गाबाहेरचे शिक्षण पुन्हा सरकारी शब्दकोशात आले आहे, आणि यामुळेच प्रतिवादाचे दुसरे टोक या विचाराच्या नव्या मित्रांकडे वळवणे भाग आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवसांची तरतूद आहे. मध्य प्रदेशात वन विभागाची ‘अनुभूति’ शिबिरे शाळकरी मुलांना एका दिवसासाठी जंगलात नेतात, पेंचच्या परिसरात ‘मोगली बाल उत्सव’ भरतो, आणि महाराष्ट्रातही आनंददायी शनिवार सुरू झाला आहे. यांतला कोणताही उपक्रम वाईट नाही, आणि मुलांना त्यात आनंद होतो हे नाकारणे कद्रूपणाचे ठरेल. पण दप्तरमुक्त दिवसाची कल्पनाच असे गृहीत धरते की दप्तरात अभ्यास असतो आणि बाहेर विसावा असतो. होशंगाबादचे मूल परिभ्रमणाला दप्तर घेऊनच निघत असे, कारण नोंदवही दप्तरात होती. जंगलात एक दिवस जाऊन आलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी वर्गात त्या दिवसाबद्दल काहीही विचारले जाणार नसेल, आणि वर्षअखेरच्या प्रश्नपत्रिकेला त्या दिवसाची आठवणही नसेल, तर शाळेच्या लेखी तो दिवस घडलेलाच नाही, आणि मुले हा हिशेब मोठ्यांपेक्षा लवकर ओळखतात.

म्हणून अशा उपक्रमांना विचारायचा प्रश्न किती मुले गेली, किती बसगाड्या लागल्या आणि किती रोपे लावली हा नाही. मुलांनी आणलेल्या नोंदींवर कोणत्या विषयाचा कोणता धडा उभा राहिला, आणि पुस्तकाशी न जुळणारी नोंद आली तेव्हा शिक्षकाने नोंद खोडली की पुस्तक बाजूला ठेवले, हा आहे. शाळेच्या मागचा ओढा बघायला बसगाडी लागत नाही, शिबिराचे उद्घाटन लागत नाही आणि पाहुणाही लागत नाही; वेळापत्रकात सलग दोन तासिका आणि ‘तक्ता चुकीचा आला तरी चालेल’ असे सांगणारे एक परिपत्रक एवढे लागते. २००२ मध्ये जे काढून घेण्यात आले ते हे परिपत्रक होते, आणि भोपाळच्या मंत्रालयातून ते अद्याप परत निघालेले नाही.